पाणी कुठं मुरतंय?

मराठी माणसाला संशय आला की तो पाण्यावर ढकलून मोकळा होतो. नापास होणारा मुलगा अचानक पहाटे उठून अभ्यासाला बसला, कधी न हसणारे साहेब हसून बोलले, शेजाऱ्यानं दोन वर्षांपूर्वी नेलेली शिडी न मागता परत आणून दिली, की आपण डोळे बारीक करून म्हणतो, "कुठंतरी पाणी मुरतंय!" वास्तविक मुरणं ही वाईट गोष्ट नव्हे. लोणचं मुरलं तर आपण बोटं चाटतो. एखादा माणूस कामात मुरलेला असला तर त्याला मान देतो. पाणी तेवढं मुरलं की चौकशी समिती बसवतो.

गळण्याचंही तसंच. गळका डबा, गळकं छप्पर, गळका नळ हे शब्द आपण शिवीसारखे वापरतो. पण महादेवाच्या पिंडीवर टांगलेलं, बुडाला भोक असलेलं भांडं असतं ना, त्याचं नावच मुळी 'गळती'. ती गळायची थांबली तर गुरवाला बोलावणं जातं. लग्नाचा मुहूर्त आपले पूर्वज ज्या घटिकापात्रावर साधत, तीदेखील भोक पाडलेली वाटीच. पाण्यावर ठेवायची, भोकातून पाणी आत शिरून ती २४ मिनिटांत बुडाली की एक घटका झाली. म्हणजे कित्येक पिढ्यांचे संसार एका गळक्या वाटीच्या भरवशावर उभे राहिले! आणि माठ? विदर्भातल्या उन्हाळ्यात जो माठ पाझरत नाही त्याचं पाणी गार होत नाही. बाहेर आलेला ओलावा उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातो, एवढंच त्याचं शास्त्र. न गळणारा माठ आपण कुंभाराला परत करतो आणि गळणारा नळ दाखवायला प्लंबरला बोलावतो.

तेव्हा गळणं चांगलं की वाईट, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याच्या पोटात आणखी एक अवघड प्रश्न आहे. आपल्या हातून नकळत काही गळत असेल, आणि ते दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडत असेल, तर ते बंद करण्याचा आपल्याला अधिकार आहे का? आता असले प्रश्न माणसाला हिमालयात पडावेत. मला तो आमच्या साडूंच्या स्विमिंग पुलाच्या काठावर पडला.

आमचे साडू दिग्रसला कापसाच्या व्यापारात होते. वय झाल्यावर गादी मुलाच्या हाती देऊन त्यांनी पोहरादेवीजवळ शेतात घर बांधलं. पोहरादेवी हे वाशीम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातलं गाव. बंजारा समाजाची काशी म्हणून ते देशभर ठाऊक आहे. जगदंबेचं देऊळ आणि संत सेवालाल महाराजांची समाधी तिथं आहे. रामनवमीला तिथं एवढी यात्रा भरते की घरात यात्रेकरू उतरला नाही असं घर शोधावं लागतं. ५ ऑक्टोबर २०२४ पासून तिथं बंजारा समाजाच्या वारशाचं नगाऱ्याच्या घाटाचं संग्रहालयही उभं आहे. अशा गावी घर बांधल्यावर माणसानं तुळशीवृंदावन बांधावं, फार तर पाहुण्यांसाठी पडवी काढावी. साडूंनी पोहण्याचा तलाव बांधला. वीस फूट लांब, बारा फूट रुंद, निळ्या फरशांचा. त्या घरात पोहता कोणालाच येत नाही. साडू काठावर खुर्ची टाकून पेपर वाचतात आणि थोरल्या मेहुणीबाई, ज्यांना आम्ही अक्का म्हणतो, साडू गावाला गेले की त्यात गोधड्या धुतात. गावानं त्याला पहिल्या दिवसापासून 'हौद' म्हटलं आणि साडूंनी पहिल्या दिवसापासून त्याचा राग मानला.

हा हौद गळू लागला.

गळतोय हे कळायलाच दोन वर्षं गेली. रोज बोअर सुरू करायचा, रोज पाणी भरायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वरची फरशी कोरडी. साडू म्हणत, "ऊन पितं." विदर्भातलं ऊन काय पिणार नाही? पण दरवेळी उन्हाच्या नावे किती लिहायचं, यालाही मर्यादा असते. मी बँकेत कारकून. दहा पैशांचा फरक पडला तर तो सापडेपर्यंत घरी जायचं नाही, अशा शिस्तीत वाढलेला. वर शिक्षण वाणिज्य शाखेचं. तेव्हा 'ऊन पितं' हे व्हाउचर मी मंजूर करणं शक्य नव्हतं.

गळती आणि बाष्पीभवन वेगळं करायची एक साधी परीक्षा आहे. जगभर पोहण्याच्या तलावांवर तीच करतात. एक बादली घ्यायची, तलावाच्याच पाण्यानं भरायची आणि तलावाच्या पायरीवर अशी ठेवायची की आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीत येईल. दोन्ही ठिकाणी खुणा करायच्या. पंप बंद. चोवीस तासांनी पाहायचं. ऊन बादलीवरही तेच पडतं आणि तलावावरही तेच. वारा दोघांना सारखाच. तेव्हा बादलीत जेवढं कमी झालं तेवढं उन्हाचं. तलावात त्याहून जे जास्त कमी झालं ते भेगेचं. पोहरादेवीच्या हौदाला पोहऱ्याची परीक्षा! 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकलेली. इथं उलटं झालं. पोहऱ्यात होतं, हौदात नव्हतं.

बादली सव्वा सेंटीमीटर उतरली, हौद पावणेचार. फरक अडीच सेंटीमीटरचा, म्हणजे एक इंच. 'एक इंच' ऐकून साडू हसले. मी पेन्सिल काढली. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस चौरस फूट. त्यावर एक इंच म्हणजे वीस घनफूट. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटर. रोजचे साडेपाचशे लिटर आणि वर थोडे! साडूंचं हसू थांबलं. मग मी, गरज नसताना, आणखी एक आकडा सांगितला. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी मिळावं असं माप धरलं आहे. म्हणजे साडूंचा हौद रोज दहा माणसांचं पाणी गिळून वर कोरडी फरशी दाखवत होता.

ही बादली मला फार आवडली. आयुष्यात माणसाचं रोज काहीतरी कमी होत असतं. केस जातात, उमेद जाते, मित्रांचं येणं-जाणं कमी होतं. त्यातलं काळानं नेलेलं किती आणि आपल्या स्वभावाच्या भेगेतून गेलेलं किती, हे कळायला अशी एक बादली जवळ असती तर बरं झालं असतं. आपल्याच वयाचा, आपल्याच पगाराचा, आपल्याच उन्हातला दुसरा माणूस पाहायचा. त्याचंही तेवढंच उतरलं असेल तर ऊन. त्याचं कमी उतरलं असेल तर मुकाट्यानं आपली भेग शोधायला लागावं. बहुतेक लोक बादली न ठेवताच उन्हाला दोष देतात.

आता भेग कुठं आहे ते शोधायचं. त्याचीही रीत आहे. पाणी भरणं बंद करायचं आणि पातळी कुठं येऊन थांबते ते पाहत बसायचं. गळणाऱ्या भोकाच्या खाली पाणी गेलं की गळती आपोआप थांबते. मग बादली आणि तलाव बरोबरीनं उतरू लागतात. बारा दिवस साडू काठावर सुतकी चेहऱ्यानं बसून होते. तेराव्या दिवशी पाणी थांबलं. बरोबर दिव्यापाशी. भिंतीत सव्वा फूट खाली, पाण्याच्या आत, साडूंनी हौसेनं एक दिवा बसवून घेतला होता. रात्री पाहुणे आले की तो लावायचा आणि पाणी निळं दिसायचं. त्या दिव्याची वायर ज्या नळीतून जाते तिच्या तोंडाशी लावलेला मसाला सुटला होता. खात्रीसाठी वीज बंद करून, जिलबीत घालायचा खायचा रंग इंजेक्शनच्या पिचकारीत भरला आणि दिव्याजवळ हलकेच सोडला. पाणी स्थिर होतं, तरी रंगाची केशरी रेघ सरळ त्या नळीत शिरली आणि दिसेनाशी झाली. जिथं आपण मिरवण्यासाठी भोक पाडतो तिथूनच आपण गळतो, हा धडा मी मनात नोंदवून ठेवला. मोठ्यानं बोललो नाही. साडू वयानं मोठे आहेत.

तोंड साफ करून पाण्यात घट्ट होणारी इपॉक्सीची लगदी त्यात ठासली. दुसऱ्या दिवशी हौद काठोकाठ भरून पुन्हा बादली ठेवली. बादली सव्वा, हौद सव्वा. हिशेब जुळला. बँकेत फरक सापडल्यावर जो चहा येतो तसा चहा आला. गोष्ट इथं संपायला हवी होती.

पंधरा दिवसांनी कुंपणापाशी याडी आली. याडी म्हणजे बंजारा बोलीत आई. तांड्यावरच्या या म्हातारीला सगळा गाव याच नावानं हाक मारतो. साडूंच्या शेताच्या उताराला, बांधापलीकडे तिचा अर्ध्या गुंठ्याचा तुकडा. त्यात चवळी, वांगी, अंबाडी आणि एक शेवगा. यात्रेच्या दिवसांत ती तिथली भाजी विकते आणि त्यात नातवाच्या शाळेचा खर्च भागवते. ती म्हणाली, "साहेब, तुमच्या हौदाले काई झालं काय?"

साडू अभिमानानं म्हणाले, "दुरुस्त झाला!"

याडी जरा थांबली. म्हणाली, "मले वाटलं बिघडला."

त्या नळीचा पाइप जमिनीखाली मध्येच फुटलेला होता, आणि उतार बांधाकडे. दोन वर्षं रोजचे साडेपाचशे लिटर खालच्या मातीत मुरत होते. भर चैत्रात याडीची चवळी हिरवीगार असायची, आणि ती ते देणं जगदंबेच्या खात्यावर जमा करत होती. आता तिची वांगी माना टाकून उभी होती.

इथं मला आमचं शास्त्र आठवलं. १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात लुका पाचोलीनं जमाखर्चाची दुहेरी पद्धत मांडली, तिच्यावर आजही सगळ्या जगाच्या बँका चालतात. तिचं म्हणणं एवढंच की एका खात्यात नावे पडलं तर दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात जमा असलंच पाहिजे. 'वाया' नावाचं खातं तिच्यात नाही. साडूंच्या वहीत जी गळती होती ती याडीच्या वहीत सिंचन होती. आम्ही फक्त एकच वही तपासली होती.

साडू चिडले. "म्हणजे मी आता भोक पुन्हा पाडू? पाणी माझं, बोअर माझा, विजेचं बिल माझं!"

वीज त्यांची, हे मान्य. पण पाणी त्यांचं कुठून? या भागात खाली काळा खडक आहे. बोअरला येणारं पाणी म्हणजे त्या खडकाच्या भेगांतून कुठून कुठून झिरपत आलेलं पाणी. त्यातलं कुणाच्या शेतात पडलेलं, कुणाच्या बांधावरून मुरलेलं. बोअरच्या पाइपाला सातबारा वाचता येत नाही. खडकाच्या गळतीला आपण झरा म्हणतो आणि भिंतीच्या झऱ्याला गळती, एवढाच फरक. साडूंचा अख्खा हौद गावाच्या गळतीवर भरत होता!

सरकारनं तर या प्रश्नाची दोन्ही उत्तरं देऊन ठेवली आहेत. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढं रोजगार हमीच्या कामांवर महाराष्ट्रात ठिकठिकाणी पाझर तलाव खोदले गेले. पाझर तलाव म्हणजे मुद्दाम गळण्यासाठी बांधलेला तलाव. तो गळला की खालच्या विहिरींना पाणी येतं; न गळला तर तो फुकट गेला. आणि २०१६ साली आलेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर गावोगाव शेततळी झाली. त्यांतल्या कितीतरी तळ्यांत प्लॅस्टिकचा कागद अंथरतात, एक थेंबही मुरू नये म्हणून. एक तळं खालच्यासाठी, एक तळं आपल्यासाठी. दोन्हींचा उपयोग आहे. फक्त आपलं तळं कोणतं, हे मालकाला ठाऊक असावं.

अर्थात सगळ्याच गळत्यांना असं कवटाळता येत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं आणि पुण्यात काय झालं हे आमच्या आधीची पिढी विसरली नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी माणसांसकट वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. फुटल्यावर दोष खेकड्यांना देण्यात आला. तिथं 'वाया काही जात नाही' असं म्हणणारा माणूस तत्त्वज्ञ नव्हे, गुन्हेगार ठरेल. धरणाची गळती त्याच दिवशी बुजवायची असते. तेव्हा गळती पूज्य की पापी, हे गळतीकडे पाहून ठरत नाही, तिच्या खाली कोण राहतं हे पाहून ठरतं. पिंडीवरची गळती, घरातला माठ आणि तिवऱ्याची भिंत यांच्यात पाणी सारखंच आहे.

अक्का इतका वेळ तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "दोन वर्षं तुम्ही दान करत होतात आणि तुम्हाला पत्ता नव्हता. आता पत्ता लागला तर बंद केलंत. कळल्यावर पुण्य थांबवायचं असतं का?"

साडूंचा बचाव वकिली होता, पण खोटा नव्हता. नकळत गेलं त्याला दान म्हणत नाहीत, खिशातून पडलेल्या पाकिटाला कोणी देणगी म्हणेल का? खरं आहे. पण पाकीट ज्याला सापडलं त्यानं दोन वर्षं त्यावर घर चालवलं असेल, तर निदान त्याला न सांगता खिसा शिवून टाकू नये, एवढं तरी निघतंच. हक्क नसेल, पण सवय लागली, रोप वाढलं, नातू शाळेत गेला. न्यायाच्या वहीत ज्याची नोंद नाही असंही काही देणं असतं. हे देणं फेडायला कुठलं कोर्ट सांगत नाही, म्हणून तर ते नैतिक.

सेवालाल महाराजांच्या नावानं जी वचनं लोक सांगतात त्यांत, पुढं वाटीभर पाण्यालाही पैसे पडतील, अशा अर्थाचं एक वचन आहे. बैलांच्या पाठीवर मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या लादून सगळा देश तुडवणारा हा समाज. त्याला पाण्याची किंमत मुक्कामामुक्कामाला कळलेली. मध्य प्रदेशातल्या सागर शहरातला मोठा तलाव आजही लाखा बंजाऱ्याच्या नावानं ओळखला जातो. ग्रीक पुराणात एक गोष्ट आहे: राजा डॅनॉसच्या पन्नास मुलींपैकी एकोणपन्नास जणींनी लग्नाच्या रात्री नवऱ्यांना मारलं, म्हणून पाताळात त्यांना भोकाच्या भांड्यात पाणी भरत राहण्याची शिक्षा झाली. आमच्याकडे चैत्र-वैशाखात हीच शिक्षा काही न केलेल्या बायकांना होते.

शेवटी साडूंनी बांधाशी अर्ध्या इंचाचा नळ काढून दिला. सकाळी अर्धा तास. याडीची वांगी सावरली. पण एक गंमत झाली. पूर्वी रोज साडेपाचशे लिटर जात होतं तेव्हा साडूंना त्याचं काहीच वाटत नव्हतं. आता शंभर-सव्वाशे लिटर जातं आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाआधी त्याचा हिशेब ऐकावा लागतो. मीच तो तीनदा ऐकला. याडीलाही तो बांधापलीकडे ऐकू जातो. मी एकदा तिला विचारलं, "याडी, आता बरं आहे ना?" ती म्हणाली, "बरं हाय. पन पह्यलं पानी बोलत नव्हतं."

देणाऱ्याला न कळता द्यावं, तर ते दान नव्हे. कळून द्यावं, तर ते बोलायला लागतं. या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी वाट असली पाहिजे, आणि ती मोठमोठ्या लोकांना सापडायला जन्म जातो. साडूंना ती थोडीशी सापडल्याचा मला संशय आहे. अलीकडे त्या नळाच्या जोडापाशी थेंब थेंब गळतं. सेकंदाला एक थेंब धरला आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर, तर दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर. शेवग्याच्या मुळाला तेवढं पुष्कळ. साडू रोज सकाळी तिथं उभे राहतात. पान्हा गॅरेजमध्येच आहे. मी म्हटलं, "जोड आवळून घ्या की."

साडू पेपर उलटत म्हणाले, "बघू पावसाळ्यानंतर."